नमुना आधी फोडा, मग त्याचे भाग करा
खनिजाचे नमुने तपासायला देणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

एकाच ढिगातले दोन नमुने दिले, एकात लोह ६१ टक्के आले, दुसऱ्यात ५७. मग खरा रिपोर्ट कोणता धरायचा? आम्हाला सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच. बहुतेक वेळा दोन्ही रिपोर्ट बरोबर असतात. प्रयोगशाळेत पोहोचलेले नमुनेच एकमेकांपासून वेगळे असतात.

यावर पुष्कळदा फेरतपासणीची मागणी येते. आमच्याकडची राखीव भुकटी काढून आम्ही ती जरूर करून देतो. पण फेरतपासणीत आमचे काम तपासले जाते, नमुना कसा घेतला ते तपासले जात नाही. भुकटी तीच, म्हणून आकडाही जवळपास तोच येतो. मधल्या दिवसांत माल थांबून राहतो आणि शेवटी ढिगावर जाऊन पुन्हा नमुना घ्यावाच लागतो.

वेळ कुठे वाया जातो

ढिगावरून ४०-५० किलो माल रीतसर गोळा केलेला असतो. एवढे ओझे कोण पाठवणार, म्हणून त्यातले दोन किलो फावड्याने किंवा हाताने उचलून पिशवीत भरले जातात. माल अजून मुठीएवढ्या ढेकळांचा असतो. आधीची सगळी मेहनत इथे फुकट जाते.

ढेकूळ जितके मोठे, तितके नमुन्याचे वजन जास्त लागते, आणि ही वाढ सरळ पटीत होत नाही. नमुना घेण्याच्या शास्त्राची गणिती बैठक घालणारे फ्रेंच संशोधक पिएर जी यांच्या सूत्रानुसार लागणारे वजन कणाच्या व्यासाच्या घनावर अवलंबून असते. कण दुप्पट मोठा झाला, की तेवढ्याच भरवशासाठी आठपट वजन लागते. २ मिलिमीटर कणांचा १ किलो नमुना जेवढा विश्वासार्ह, तेवढाच विश्वास २० मिलिमीटरच्या खड्यांवर ठेवायचा तर ढोबळ मानाने १ टन माल हवा. खनिज दगडातून किती सुटे झाले आहे त्यावर हा आकडा कमीजास्त होतो, पण रोख बदलत नाही. म्हणून क्रम ठरलेला आहे: सगळा माल फोडायचा, मग त्याचे भाग करायचे, लागल्यास निम्मा भाग अजून बारीक फोडून पुन्हा भाग करायचे. फोडण्याची सोय नसेल तर वजन कमी करू नका. सगळी पोती तशीच पाठवा, आमचा जॉ क्रशर त्यासाठीच आहे. वाहतुकीचा जादा खर्च फेरनमुन्यापेक्षा बहुतेक वेळा कमी पडतो.

हाताने उचलण्यात आणखी एक धोका आहे. हात नकळत चमकदार, वजनदार तुकड्याकडे जातो आणि धूळ खाली राहते. गॅलेनासारखे शिशाचे ठिसूळ खनिज फुटताना बारीक होऊन त्या धुळीतच जाते. कित्येक लोहखनिजांत उलट चिकणमाती आणि ॲल्युमिना बारीक चुऱ्यात साठतात. धूळ सोडली की पहिल्या मालात शिसे कमी दिसते, दुसऱ्यात लोह जास्त. दोन्हीकडे आकडा खोटा.

भाग कसे करावेत

साधने नसतील तर चौथाईची पद्धत चालते, मात्र काळजीपूर्वक. स्वच्छ पत्र्यावर किंवा जाड प्लॅस्टिकवर माल ओता आणि प्रत्येक फावडे बरोबर टोकावर सोडत शंकू करा. शंकू मोडून दुसरीकडे पुन्हा रचा, असे निदान तीनदा. मग वरून सपाट करून चार भाग पाडा आणि समोरासमोरचे दोन ठेवा. टाकायच्या भागांखालची धूळ त्यांच्याबरोबर आणि ठेवायच्या भागांखालची धूळ ब्रशने गोळा करून नमुन्यात गेली पाहिजे. शंकू रचताना खडे बाहेर घरंगळतात आणि बारीक मध्ये राहते, म्हणून टोक एका बाजूला सरकले की चारही भाग वेगवेगळे होतात. या पद्धतीचा कच्चा दुवा तोच.

रिफल स्प्लिटर, म्हणजे शेजारशेजारच्या फटींतून माल आलटूनपालटून दोन डब्यांत सोडणारे साधन, यापेक्षा पुष्कळ चांगला. त्याच्या फटीची रुंदी सर्वांत मोठ्या कणाच्या किमान दुप्पट, शक्यतो तिप्पट असावी, नाहीतर खडे अडकतात. माल कोरडा हवा. तो रिफलच्या रुंदीएवढ्या ट्रेमधून सगळ्या फटींवर सारखा आणि सावकाश ओता. बादलीने एका कोपऱ्यात ओतलेला माल दोन्हीकडे सारखा वाटला जात नाही. ठेवायचा डबा आलटूनपालटून निवडा, कधी उजवीकडचा, कधी डावीकडचा. शेवटी २ किलोऐवजी २.३ किलो उरले तर २.३ किलोच पाठवा. वजन नेमके करायला वरून मूठभर काढली, की रिफलने साधलेले पुन्हा हाताने बिघडते.

ठरावीक काळ काम असणाऱ्या ग्राहकांना आम्ही रिफल वापरायला देतो आणि मोठ्या ढिगांवर आमचा माणूस येऊन नमुना घेऊन जातो.

सोन्यासाठी वेगळा विचार

सोन्याची घनता घनसेंटीमीटरला १९.३ ग्रॅम आहे. ०.१ मिलिमीटर व्यासाच्या एका गोल कणाचे वजन जेमतेम १० मायक्रोग्रॅम भरते. फायर ॲसेसाठी, म्हणजे भट्टीत वितळवून सोने वेगळे करण्याच्या तपासणीसाठी, आपण ३० ग्रॅम भुकटी घेतो. त्यात असा एकच कण जास्त आला तर रिपोर्ट टनाला सुमारे ०.३४ ग्रॅमने चढतो. कट-ऑफ ग्रेड (ज्याच्या खाली माल काढणे परवडत नाही ते प्रमाण) टनाला १ ग्रॅमच्या आसपास असेल तर एवढ्या फरकाने खनिज आणि टाकाऊ दगड यांची अदलाबदल होते. जाड सोने असल्याची शंका आली की आम्ही स्क्रीन फायर ॲसे सुचवतो: साधारण १ किलो भुकटी बारीक चाळणीतून काढायची, वर राहिलेला सगळा भाग तपासायचा, खालच्या भागाच्या दोन तपासण्या करायच्या आणि वजनाच्या प्रमाणात सरासरी काढायची. याला जास्त वेळ आणि जास्त पैसे लागतात. तरीही अशा मालासाठी आमचा आग्रह कायम असतो, कारण ३० ग्रॅमच्या एका आकड्यावर खाणीचा आराखडा बेतणे परवडणारे नाही.

ड्रिलिंगचे नमुने

पिशव्यांची वजने पाठवा, त्यांतून बरेच कळते. २.६ घनतेच्या दगडात १४० मिलिमीटरच्या भोकातून एका मीटरला सुमारे ४० किलो चुरा निघायला हवा. गोळा झालेला माल २५ किलोच भरला तर उरलेला कुठे गेला ते आधी शोधा, तपासणी नंतर. एनक्यू मापाच्या कोअरचा, म्हणजे ड्रिलने काढलेल्या दगडी दांड्याचा, व्यास ४७.६ मिलिमीटर असतो, २.७ घनतेला मीटरमागे ४.८ किलो, म्हणजे अर्धा कोअर २.४ किलो. तो करवतीने लांबीत कापा, प्रत्येक वेळी एकाच बाजूचा अर्धा पाठवा आणि दुसरा पेटीत राखा. इंडोनेशियातील बुसांगच्या, ब्रे-एक्स या कॅनडाच्या कंपनीच्या सोन्याच्या घोटाळ्यात, जे १९९७ साली उघडकीला आले, कोअर अर्धा राखून न ठेवता बहुतेक सगळाच फोडला गेला होता आणि नमुन्यांत बाहेरून सोने मिसळले होते. ताडून पाहायला मूळ दगड फारसा उरला नव्हता.

ओला टन, कोरडा टन

आमचा रिपोर्ट कोरड्या मालाचा असतो, वजनकाट्यावर मात्र ओला माल चढतो. ८ टक्के ओलावा असलेल्या १००० टनांत कोरडा माल ९२० टनच असतो. ६० टक्के ग्रेडने लोह ५५२ टन भरते, ६०० नव्हे. ओलाव्यासाठी नमुना वेगळा द्या: घेतल्याबरोबर दुहेरी प्लॅस्टिकमध्ये भरून तोंड घट्ट बांधा आणि वजन जागेवरच लिहा. कापडी पिशवीतून पाणी वाटेतच उडते.

आमच्याकडे दिवस का लागतात

नमुना १०५ अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत वाळतो. चिकणमातीच्या मालाला रात्रभराहून जास्त वेळ लागतो, आणि ओला माल क्रशरला चिकटून पुढच्या नमुन्यात मिसळतो, म्हणून तिथे घाई करत नाही. नंतर फोडणे, भाग करणे आणि किमान ८५ टक्के भुकटी ७५ मायक्रॉनखाली जाईपर्यंत दळणे. श्रीमंत नमुन्यानंतर भांड्यात कोरी (धातू नसलेली) गारगोटी दळून साफसफाई होते. दर २० नमुन्यांत एक कोरा (धातू नसलेला), एक दुबार (त्याच मालाचा दुसरा भाग) आणि एक प्रमाणित (आकडा आधीच माहीत असलेला) नमुना आम्ही आमच्याकडून घालतो. तुम्हीही न सांगता घाला; आम्हाला त्याचे वाईट वाटत नाही, उलट तसे करणाऱ्या ग्राहकांशी वाद कमी होतात.

पारा तपासायचा असेल तर पिशवीवर ठळक लिहा. १०५ अंशांना तो उडून जाऊ शकतो, म्हणून असे नमुने कमी तापमानाला वाळवतो. क्रोमियम हवे असेल तर तेही आधी कळवा, कारण क्रोम स्टीलच्या भांड्यातून थोडे क्रोमियम भुकटीत उतरते; त्यासाठी भांडे बदलावे लागते.

रिपोर्टवर आम्ही ‘मिळालेल्या नमुन्यापुरता’ असे लिहितो. ते काढून ‘संपूर्ण ढिगासाठी’ लिहा, असा आग्रह होतो. नमुना आमच्या माणसाने घेतला असेल तरच तसे लिहून देतो.

पिशवीत आणि पिशवीवर, दोन्हीकडे क्रमांकाची चिठ्ठी हवी. आतली पेन्सिलने लिहून छोट्या प्लॅस्टिकमध्ये घाला, शाई ओलीने पसरते. यादीत क्रमांक, वजन, सर्वांत मोठ्या तुकड्याचा अंदाजे आकार आणि तपासायची मूलद्रव्ये लिहा. उरलेला फोडलेला माल आणि भुकटी आम्ही रिपोर्टनंतर ९० दिवस ठेवतो. त्याहून जास्त दिवस हवी असेल तर मुदत संपण्यापूर्वी कळवा, म्हणजे पेटी बाजूला काढून ठेवता येईल.