यॉर्कशायर पुडिंग पूर्वी फुगीर नव्हतं

इंग्लंडच्या उत्तरेकडल्या यॉर्कशायर भागाचं नाव लागलेलं यॉर्कशायर पुडिंग म्हणजे रविवारच्या भाजलेल्या बीफशेजारी ठेवलेली उंच, खुसखुशीत वाटी आणि तिचं हे रूप पूर्वापार असंच, अशी समजूत जगभर पसरली आहे. ती चुकीची आहे.

मैदा, अंडी आणि दूध यांचं हे सरसरीत पीठ पूर्वी विस्तवापुढे भाजणाऱ्या मांसाखाली, पसरट भांड्यात शिजायचं. वरून ठिबकणारी चरबी त्यात मुरायची. १७४७ साली इंग्लिश पाककृती-लेखिका हॅना ग्लास यांनी यॉर्कशायरच्या नावाने छापलेली कृती अशीच आहे. पुडिंग वाढत ते मांसाच्या आधी, ग्रेव्हीबरोबर; पोट थोडं भरलं की महागडं मांस पुरवठ्याला येई. गरीब घरातल्या बायकांची ही हुशारी मला त्या फुगवट्यापेक्षा मोलाची वाटते.

फुगवटा येतो तो कडकडीत तापलेल्या चरबीत पीठ पडताच होणाऱ्या वाफेने. यीस्ट किंवा बेकिंग पावडर लागत नाही. कॅनडा, ऑस्ट्रेलियात लोकांना हेच रूप ठाऊक आहे, अमेरिकेतला पॉपओव्हर त्याचाच भाऊबंद. २००८ मध्ये रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्री या ब्रिटनमधल्या रसायनशास्त्रज्ञांच्या संस्थेने तर चार इंचांपेक्षा बुटकं पुडिंग खरं नव्हे, असं जाहीर केलं. ग्लास यांच्या काळातल्या पुडिंगला हा निकष लावणं सरळ अन्याय आहे.