हेलिऑक्स मागवताना खोली आधी सांगा

"शेठ, मागच्या वेळचंच मिक्स भरा, संध्याकाळी न्हावा बंदराचा ट्रक निघतोय." हेलिऑक्ससाठी, म्हणजे डायव्हरना श्वासासाठी लागणाऱ्या हेलियम-ऑक्सिजनच्या मिश्रणासाठी, असा फोन आला की आम्ही विचारतो, काम किती मीटर खोलीवर? मग पलीकडून चिडचिड. गॅस विकायचा सोडून मुंबईच्या दारूखाना भागातला हा माणूस चौकश्या का करतो, असं वाटणारच. म्हणून हा कागद.

हेलियम कशासाठी, हे तुमच्या डायव्हरना माहीत आहे. ३० मीटरच्या पुढे हवेतला नायट्रोजन दारूसारखा चढायला लागतो, हेलियम चढत नाही. शिवाय तो हवेच्या साधारण सातव्या हिश्शाइतका हलका, त्यामुळे दाबाखाली श्वास ओढायला छातीला कमी कष्ट. हृदयावर त्याचा स्वतःचा फारसा परिणाम नाही. खोलवर नाडी मंदावते त्यात वाढलेल्या ऑक्सिजनचाही हात असतो. दीडशे मीटरपलीकडे हेलियमवरही हात थरथरतात, पण ते सॅच्युरेशनवाल्यांचं, म्हणजे दिवसचे दिवस दाबाखालीच राहणाऱ्या डायव्हरांचं काम.

घोळ होतो तो ऑक्सिजनचा. मुंबई हायच्या तेलक्षेत्रात पाणी सुमारे ७५ मीटर, म्हणजे तळाशी दाब साडेआठ बार (वर हवेचा साधारण एक बार असतो). तिथे २१ टक्के ऑक्सिजनचं मिश्रण दिलं तर ऑक्सिजनचा दाब १.८ बारच्या आसपास जातो. १.६ च्या वर मेंदू कधी दगा देईल याचा नेम नाही. ओठ फडफडतात, कानात आवाज येतो. कधी तेही नाही, थेट फिट. १६ टक्के दिलं तर तोच आकडा १.३६. उलट १० टक्क्यांचा सिलिंडर कुणी डेकवरच तोंडाला लावला तर माणूस बेशुद्ध पडू शकतो, आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत राहत असल्याने त्याला गुदमरल्यासारखं वाटतही नाही.

एका जुन्या गिऱ्हाइकाचं आधीचं काम ५५ मीटरवर होतं, २१ टक्के चाललं. पुढचं ७० वर. फोनवर तेच, "मागच्या वेळचंच". गाडी भरताना आमच्या पोराने सहज विचारलं म्हणून कळलं. अख्खा क्वॅड, म्हणजे एकत्र जोडलेल्या सिलिंडरांचा संच, रिकामा करून पुन्हा भरला. दोन दिवस गेले, आणि हेलियम बाहेरून येतो, त्याचा भाव तुम्हाला ठाऊक आहे.

आज भरून आजच द्या, हेही जमत नाही. भरल्या भरल्या दोन्ही वायू नीट मिसळत नाहीत. आम्ही सिलिंडर लोळवतो, रात्रभर ठेवतो आणि सकाळी दोनदा ऑक्सिजनचे टक्के मोजणारा ॲनलायझर लावतो. टॅगवर टक्के आणि जास्तीत जास्त खोली दोन्ही लिहितो. इतकं सगळीकडे करतात का, ते विचारून बघा.

तेव्हा खोली आदल्या सकाळी व्हॉट्सॲपवर कळवा. मिश्रण तुमच्या डाइव्ह सुपरवायझरने पक्कं केलेलं असू द्या. आणि टॅग फाडू नका. बिनटॅगचा सिलिंडर आम्ही पूर्ण रिकामा करूनच भरतो, तो वाया गेलेला हेलियम तुमच्याच खात्यात.