ॲमस्टरडॅममधला लांब थांबा : विमानतळाबाहेर पडण्यासाठी शेंगेन व्हिसाचा अर्ज

मुंबईहून ॲमस्टरडॅममार्गे अमेरिकेला किंवा कॅनडाला जाताना स्किपोल विमानतळावर कधी कधी नऊ-दहा तासांचा थांबा पदरी पडतो. रेल्वे स्थानक विमानतळाच्या खालीच असून तिथून पंधरा-वीस मिनिटांत शहराच्या मुख्य स्थानकावर पोहोचता येते, त्यामुळे बाकड्यावर पेंगत बसण्यापेक्षा शहरात एक फेरफटका मारून यावा, असे कोणालाही वाटेल. मात्र भारतीय पासपोर्टधारकाला त्यासाठी शेंगेन व्हिसा, म्हणजे आपसातील सीमातपासणी काढून टाकलेल्या नेदरलँड्ससह अनेक युरोपीय देशांचा सामायिक व्हिसा, आधीच काढून ठेवावा लागतो. उतरल्यावर बघू म्हणून चालत नाही.

व्हिसा नेमका कोणाला लागतो, याबाबत बराच गोंधळ आढळतो. एकाच तिकिटावर प्रवास असेल, सामान थेट अंतिम ठिकाणापर्यंत नोंदवलेले असेल आणि विमानतळाच्या आतच विमान बदलून शेंगेनबाहेरच्या देशात जायचे असेल, तर ॲमस्टरडॅमला भारतीयांकडून व्हिसा मागितला जात नाही. परंतु दोन स्वतंत्र तिकिटे असून सामान घेऊन पुन्हा नोंदवायचे असेल, किंवा म्युनिकला उतरून ॲमस्टरडॅमला व तिथून पुढे न्यूयॉर्कला जायचे असेल, तर फिरण्याचा विचार नसला तरी व्हिसा अनिवार्य ठरतो, कारण दोन शेंगेन विमानतळांमधला प्रवास देशांतर्गत धरला जातो आणि पहिल्याच ठिकाणी सीमा ओलांडावी लागते. अमेरिकेचा व्हिसा किंवा ग्रीन कार्ड जवळ असल्याने शहरात जाण्याची मुभा मिळते, हा समज चुकीचा आहे. ज्यांच्याकडे अमेरिकी पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तींना भारत देतो ते) आहे, त्यांना मात्र पासपोर्टच्या बळावर कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस व्हिसाशिवाय राहता येते.

अर्जात प्रवासाचा हेतू विचारला जातो आणि चूक नेमकी तिथेच होते. थांबा विमानतळावरचा म्हणून ‘विमानतळ संक्रमण’ या चौकटीत खूण केली, तर मिळणारा ‘ए’ प्रकारचा व्हिसा बाहेर पाऊल टाकू देत नाही. शहरात जायचे असल्यास ‘पर्यटन’ हाच हेतू नोंदवून ‘सी’ प्रकारचा अल्पमुदतीचा व्हिसा मागावा. जाताना आणि परततानाही ॲमस्टरडॅमलाच उतरून शहर पाहायचे असेल, तर दोन प्रवेशांची मागणी अर्जातच करावी. पासपोर्ट परत हाती आल्यावर व्हिसाच्या स्टिकरवरील प्रवेशांची संख्या आणि मुक्कामाचे दिवस तिथल्या तिथे तपासावेत. दिवस तासांवर नव्हे, तर तारखांवर मोजले जातात. रात्री दहाला बाहेर पडून दुसऱ्या दिवशी दुपारी परतल्यास दोन दिवस खर्ची पडतात.

अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि किमान १५ दिवस आधी करता येतो. निर्णय साधारणपणे १५ दिवसांत होतो, पण तो ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो, हे लक्षात घेऊन उन्हाळी सुट्टीतील प्रवासासाठी दोन-तीन महिने हाताशी ठेवलेले बरे. भारतात राहणाऱ्यांनी नेदरलँड्ससाठीचा अर्ज व्हीएफएस या व्हिसा अर्ज स्वीकारणाऱ्या खासगी कंपनीच्या केंद्रात द्यावा. अमेरिकेत नोकरीनिमित्त कायदेशीर वास्तव्य असलेल्या भारतीयांनी तो तिथूनच करावा. परतीच्या वाटेवर पॅरिसला चार दिवस राहणार असाल, तर मुख्य मुक्काम फ्रान्समध्ये ठरतो आणि अर्जही फ्रान्सकडेच जातो.

जून २०२४ पासून शुल्क ९० युरो असून ६ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी ते निम्मे आहे. सहा वर्षांखालील मुलांना शुल्क नाही. केंद्राचे सेवाशुल्क वेगळे भरावे लागते. अर्ज नाकारला गेला तरी पैसे परत मिळत नाहीत. त्यामुळे केवळ पाच-सहा तासांच्या थांब्यासाठी हा खटाटोप करू नये, असे माझे मत आहे.

पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला, शेंगेन सोडल्यानंतर किमान तीन महिने वैध आणि दोन कोरी पाने असलेला हवा. त्यासोबत भरलेला व स्वाक्षरी केलेला अर्ज, अलीकडचे छायाचित्र, किमान ३०,००० युरोंचे संरक्षण देणारा प्रवास वैद्यकीय विमा, पुढच्या प्रवासाचे तिकीट आणि त्या देशाचा वैध व्हिसा, बँकेचे अलीकडचे खातेउतारे, नोकरी असल्यास रजा मंजुरीचे पत्र व पगारपत्रके, आणि रात्रीचा मुक्काम असल्यास हॉटेलचे आरक्षण जोडावे. मुलीकडे न्यू जर्सीला निघालेल्या निवृत्त आई-वडिलांनी निवृत्तिवेतनाचा पुरावा द्यावा आणि थांब्याचे तास व पुढील विमानाचा क्रमांक सांगणारे एक पानी पत्र जोडावे. शहरात काही तासच थांबायचे आहे, हे त्यातून सहज स्पष्ट होते. बोटांचे ठसे केंद्रात घेतले जातात. मागील ५९ महिन्यांत शेंगेन व्हिसासाठी दिलेले ठसे सहसा पुन्हा वापरले जातात.

ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन सीमेवर प्रवेश-निर्गमनाची डिजिटल नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली असून त्यात छायाचित्र आणि ठसे घेतले जातात, म्हणून रांगेसाठी जादा वेळ धरावा. सकाळी सातला उतरून संध्याकाळी पाचचे विमान पकडायचे असेल, तर साडेनऊच्या सुमारास शहरात पोहोचणे, दाम चौकापर्यंत चालत जाणे, तासाभराची कालव्यातील नौकाफेरी आणि जेवण, एवढे आरामात होते. दीडपर्यंत मात्र परतीची गाडी धरावी. ॲन फ्रँक यांचे घर पाहायचे असल्यास तिकीट केवळ ऑनलाइन मिळते, आणि ते सहा आठवडे आधी, मंगळवारी, खुले होते. व्हिसा असला तरी सीमेवरील अधिकारी विमा व पुढचे तिकीट मागू शकतात, म्हणून त्यांच्या छापील प्रती सामानात नव्हे, हातातील पिशवीत ठेवाव्यात.