वाड्यातला अबोला आणि चारचा आकडा

इंदूरला रामबागेतल्या आमच्या जुन्या वाड्यात चौकाभोवती चार बिऱ्हाडं होती. निरोप शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे जायचा. शेजारचं घर 1 टप्प्यावर, समोरचं 2. या अंतरांचा चार ओळी आणि चार रकान्यांचा तक्ता मांडला, की झालं अंतर-मॅट्रिक्स.

आता प्रत्येक घराला 1 हा आकडा द्या. मग प्रत्येकाने इतरांचे आकडे अंतराने गुणून गोळा करायचे: 1+2+1, म्हणजे 4. चारही घरांत आकडा चौपटच झाला. सगळीकडे सारखी पडणारी ही पट म्हणजे आयगेन मूल्य. घरांना वेगळे आकडे देऊन मिळणारी या तक्त्याची उरलेली तीन मूल्यं 0, −2 आणि −2.

वाडा म्हटला की भांडण आलंच. जिथे अबोला, तिथे उणे चिन्ह. वाटेतली चिन्हं गुणली की त्या अंतराचं चिन्ह मिळतं. शत्रूचा शत्रू तो मित्र! गणितज्ञ फ्रँक हरारी यांनी 1953 साली दाखवलं, की असा आलेख, म्हणजे घरांचे बिंदू आणि शेजाराच्या रेषा यांचं जाळं, ‘संतुलित’ असेल, म्हणजे फिरून त्याच घरी येणाऱ्या प्रत्येक वाटेचं चिन्ह अधिक असेल, तर त्याचे दोन तट पाडता येतात: तटाच्या आत गोडी, दोन तटांमध्ये वैर. समजा, दोन-दोन घरांचे तट पडले. एका तटाला +1, दुसऱ्याला −1 द्या. पट पुन्हा 4. चारही मूल्यं जशीच्या तशी! सरळ दुफळी आणि एकोपा यांत गणिताला फरकच दिसत नाही. आमच्या आजीला हे मुळीच पटलं नसतं.

खरी पंचाईत होते ती नळाच्या पाण्यावरून एकाच जोडीत बिनसलं तर. समोरच्या घराकडे जाणाऱ्या दोन वाटांपैकी एक अधिक, दुसरी उणे. मग अंतर +2 धरायचं की −2? दोन्ही धरून दोन मॅट्रिक्स करतात. इथे दोन्हींची मूल्यं एकच येतात: ±√10 आणि ±√2. सर्वांत मोठं 4 वरून साधारण 3.16 वर घसरलं.

तीन घरं, सगळीच एकमेकांची शेजारी, अशा त्रिकोणात वाटांचा हा घोळ नसतो, दोन्ही मॅट्रिक्स एकच. तरीही एका भांडणाने 2, −1, −1 या मूल्यांची 1, 1, −2 होतात. म्हणून वाटा तपासत बसण्यापेक्षा सर्वांत मोठं मूल्य बघावं: ते भांडणाआधीइतकंच असेल तरच आलेख संतुलित. नुसत्या शेजाराच्या मॅट्रिक्ससाठी (शेजारी असेल तर +1 किंवा −1, नाहीतर 0) मूल्यांची अशी कसोटी गणितज्ञ बी. डी. आचार्य यांनी 1980 साली दिली होती.

वाड्याऐवजी झाडासारखी रचना असेल, म्हणजे फिरून त्याच घरी येणारी वाटच नसेल, तर कितीही अबोले असोत, संतुलन ढळत नाही. शिवाय ग्रॅहॅम आणि पोलॅक या गणितज्ञांनी 1971 साली सिद्ध केलं, की झाडाच्या अंतर-मॅट्रिक्सच्या मूल्यांचा गुणाकार केवळ घरांच्या संख्येवर ठरतो. चार बिऱ्हाडं एका ओळीत राहोत की एकाभोवती तीन, तो −12 च.