सडा, वरकस, खाजण: कोकणातल्या शेतीच्या नकाशांची पार्श्वभूमी

जमिनीची प्रत आणि पाऊसमान नकाशावर मांडून निर्णय घ्यायचा, ही काही उपग्रहांसोबत आलेली कल्पना नव्हे. गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी 1835 मध्ये इंदापुरात सुरू केलेल्या मोजणीत मातीची खोली बघून शेताची प्रत ठरे. पुढे गावांचे गट पाडताना हवामान आणि बाजारपेठेचं अंतरही धरलं जाई. हेतू अर्थात शेतसाऱ्याचा. रत्नागिरीत या पद्धतीचं खोतांशी, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या वतनदारांशी, वाजलं आणि 1880 चा खोती कायदा आला. भाताची जमीन, बागायत, वरकस हे वर्ग मात्र दप्तरात टिकले. वरकस म्हणजे उतारावरची, नाचणी-वरीची आणि राबासाठी (भाताच्या रोपांची जागा भाजण्यासाठी) कवळ, म्हणजे झाडांच्या फांद्या, देणारी जमीन. शेतकऱ्याचं तिच्यावाचून अडे, पण दप्तरी ती हलकीच.

1990 नंतर रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली आणि याच वरकसावर, कातळ फोडून सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ माळावरही, हापूस-काजूची कलमं उभी राहिली. माझ्या मते तेव्हा जागा ठरली ती अनुदान आणि रस्ता बघून. नकाशा कोणी फारसा उघडला नाही.

खरं तर नकाशे होते. नागपुरात 1976 पासून मृदा सर्वेक्षणाची राष्ट्रीय संस्था होती. 1988 मध्ये जमिनीची चित्रं घेणारा भारताचा आयआरएस-1ए उपग्रह सुटला, त्याच वर्षी अशी चित्रं अभ्यासणारं राज्याचं सुदूर संवेदन केंद्रही नागपुरातच उभं राहिलं. पण कोकणात भाताचा हंगाम ढगांखाली जातो, साध्या कॅमेऱ्याला खाचरं दिसतच नाहीत. ढगांपलीकडचं पाहणारा रिसॅट-1 हा रडार उपग्रह 2012 चा.

दुसरी अडचण मापाची. राज्याच्या नऊ कृषी-हवामान विभागांत कोकणाला दोन मिळतात: दक्षिणेचा जांभ्या मातीचा आणि उत्तरेचा जांभा नसलेला. प्रत्यक्षात एकाच गावात वर कातळ, खाली मळा आणि खाडीकडेला खारं खाजण असतं.

आता स्वयंचलित हवामान केंद्रं महसूल मंडळापर्यंत, म्हणजे काही गावांच्या गटापर्यंत, पोचली आहेत आणि आंब्याच्या हवामान आधारित विम्याची भरपाई त्यांच्याच नोंदींवर ठरते. एका मंडळात किनाऱ्याची बागही येते आणि डोंगराआडची दरीही. थंडीच्या रात्री गार हवा दरीत साचते, मोहोर तिथला वेगळा आणि किनाऱ्यावरचा वेगळा. तापमापक मात्र एकच. बागायतदारांची तक्रार नेमकी हीच आहे.