एपिस्कोपल चर्चमध्ये बिशप होण्याची प्रक्रिया: पात्रता, कागदपत्रे आणि संमतीचे १२० दिवस

अमेरिकेतील एपिस्कोपल चर्चमध्ये बिशपची नेमणूक वरून होत नाही. धर्मप्रांत (एका बिशपच्या देखरेखीखालचा विभाग) आपला बिशप स्वतः निवडतो आणि मग बाकीच्या धर्मप्रांतांची संमती मिळवतो. निवडणूक जिंकली की पद मिळाले, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात घोडे अडते ते या दुसऱ्या टप्प्यावर.

आपल्याकडच्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाप्रमाणे हे चर्चही अँग्लिकन परिवारातले आहे, पण त्याची घटना आणि नियम (कॅनन) स्वतंत्र आहेत. मुंबई, पुणे किंवा नाशिक धर्मप्रांतातला अनुभव तिथे जसाच्या तसा लागू पडत नाही.

पात्रता

वयाची ३० वर्षे पूर्ण हवीत, आणि आधी डीकन (धर्मगुरूच्या आधीची सेवकाची पायरी) व नंतर धर्मगुरू म्हणून रीतसर दीक्षा झालेली हवी. हा पहिला पल्लाच लांबचा आहे. सुरुवात स्थानिक मंडळीतून होते. रेक्टर (मंडळीचे प्रमुख धर्मगुरू) आणि व्हेस्ट्रीचे (मंडळीच्या कार्यकारिणीचे) किमान दोन तृतीयांश सदस्य यांच्या सहीचे शिफारसपत्र लागते. त्यानंतर पोस्ट्युलंट (प्राथमिक स्वीकार झालेला इच्छुक), मग कँडिडेट (दीक्षेचा अधिकृत उमेदवार) असे टप्पे येतात. पोस्ट्युलंट असताना वर्षातून चार वेळा, एंबर सप्ताहांत (उपवास-प्रार्थनेच्या ठरलेल्या आठवड्यांत), आपल्या बिशपला अभ्यासाची आणि आध्यात्मिक वाटचालीची खबर द्यावी लागते. हे पत्र उपचार म्हणून दोन ओळींत उरकू नये. माणूस घडतो आहे की नाही, हे बिशपला त्यातूनच कळते. पुढे पवित्र शास्त्र, चर्चचा इतिहास, ईश्वरविज्ञान, नीतिशास्त्र, उपासना आणि प्रत्यक्ष सेवाकार्य या सहा विषयांत पात्रता दाखवावी लागते.

सेमिनरीची (धर्मशिक्षण संस्थेची) तीन वर्षांची पदवी बहुतेकांकडे असते, पण तिच्यावाचून सारे अडतेच असे नाही. अँग्लिकन जगतातल्या पहिल्या महिला बिशप बार्बरा हॅरिस यांच्याकडे ती नव्हती. जनसंपर्क क्षेत्रात दीर्घकाळ नोकरी केल्यानंतर त्या धर्मगुरू झाल्या, आणि ११ फेब्रुवारी १९८९ रोजी मॅसॅच्युसेट्सच्या सफ्रॅगन (सहायक) बिशप झाल्या.

निवडणूक

धर्मप्रांताची शोधसमिती नावे मागवते. इच्छुकाने आपली माहिती, लेखी उत्तरे आणि संदर्भ द्यायचे असतात. मुलाखती आणि पार्श्वभूमीची पडताळणी झाली की अंतिम यादी जाहीर होते. मग उमेदवार धर्मप्रांतभर फिरून लोकांच्या प्रश्नांना उत्तरे देतात. धर्मप्रांताच्या अधिवेशनात धर्मगुरू आणि सामान्य सभासद यांची मते सहसा वेगवेगळी मोजतात. एकाच फेरीत दोन्ही गटांत बहुमत मिळाले तरच निवड होते, त्यामुळे बऱ्याच फेऱ्या चालतात.

निकाल लागताच प्रतिनिधींना घरी सोडू नका. निवडीच्या प्रमाणपत्रावर अधिवेशनातल्या बहुमताच्या सह्या लागतात. लोक पांगल्यावर त्या गोळा करणे फार जिकिरीचे होते.

प्रक्रियेबद्दल तक्रार असेल तर निवडणुकीपासून दहा दिवसांत लेखी हरकत घेता येते. त्यासाठी शेवटच्या फेरीत मत दिलेल्यांपैकी किमान १० टक्के प्रतिनिधी हवेत. फ्लोरिडात मे २०२२ च्या निवडणुकीवर अशी हरकत आली. निवडून आलेल्या उमेदवाराने माघार घेतली, नोव्हेंबरमध्ये तेच पुन्हा निवडून आले, आणि २०२३ मध्ये संमती न मिळाल्याने तीही निवड बाद झाली.

संमती

निवडीचे प्रमाणपत्र, दीक्षेचे पुरावे आणि वैद्यकीय व मानसिक तपासणीचे दाखले तयार झाले की दोन्हीकडे संमती मागितली जाते: अधिकारक्षेत्र असलेल्या (म्हणजे धर्मप्रांत सांभाळणाऱ्या) बिशपांकडे आणि सर्व धर्मप्रांतांच्या स्टँडिंग कमिट्यांकडे (बिशपला सल्ला देणाऱ्या स्थायी समित्यांकडे). दोन्हीकडे एकूण संख्येच्या निम्म्याहून जास्त होकार हवेत, तेही १२० दिवसांत. उत्तर न देणाऱ्या कमिटीचा परिणाम नकारासारखाच होतो. म्हणून मुदतीच्या निम्म्यावर यादी काढून आठवण करणे हे निवडणाऱ्या धर्मप्रांताच्या स्टँडिंग कमिटीचे सर्वांत मोलाचे काम आहे.

नुसता होकारही पुरत नाही. कमिटीच्या एकूण सदस्यांपैकी बहुसंख्यांच्या सह्या विहित नमुन्यावर लागतात. हजर असलेल्यांचे बहुमत इथे चालत नाही. साउथ कॅरोलायनात सप्टेंबर २००६ मध्ये मार्क लॉरेन्स निवडून आले. बिशपांची संमती मिळाली होती, पण काही कमिट्यांनी होकार इलेक्ट्रॉनिक मार्गाने कळवले होते. ते नियमात बसले नाहीत, आणि मार्च २००७ मध्ये प्रिसायडिंग बिशप (संपूर्ण चर्चच्या प्रमुख) कॅथरीन जेफर्ट्स शोरी यांनी निवड रद्दबातल ठरवली. लॉरेन्स यांना पुन्हा निवडून यावे लागले. जानेवारी २००८ मध्ये दीक्षा झाली.

दीक्षा आणि त्यानंतर

दीक्षेला किमान तीन बिशप हवेत. पवित्र शास्त्रावरील विश्वास आणि चर्चचा सिद्धांत, शिस्त व उपासना पाळण्याचे वचन सर्वांसमोर वाचून त्यावर सही करावी लागते. पद धर्मप्रांताच्या बिशपचे असो, उत्तराधिकारी कोअ‍ॅड्जुटरचे असो की सहायक सफ्रॅगनचे, संमतीची वाट हीच.

रुजू झाल्यावर धर्मप्रांताच्या बिशपने प्रत्येक मंडळीला तीन वर्षांतून निदान एकदा भेट दिलीच पाहिजे. दुसऱ्या धर्मप्रांताने त्यांना आपला बिशप म्हणून निवडायचे असेल तर आधीच्या ठिकाणी किमान पाच वर्षे सेवा झालेली हवी. वयाच्या ७२ व्या वर्षी अधिकारपदाचा राजीनामा बंधनकारक आहे.