एक्स म्हणजे मूळचा कोण? आरमधल्या नावांची पार्श्वभूमी

इंदूरला रामबागेतल्या आमच्या घरी आर ही संख्याशास्त्राची प्रोग्रामिंग भाषा शिकायला येणाऱ्या एका मुलीने परवा लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "काका, शीर्षकात हे काय आलंय बघा ना!" जुलैच्या पावसाचा हिस्टोग्राम होता. वर ‘जुलै’ यायला हवं, तर तिथे पावसाचे आकडेच्या आकडे, ओळींवर ओळी. आलेख काढणाऱ्या तिच्या फंक्शनमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या तुकड्यात, बाहेरून आलेल्या डेटाचं नाव एक्स. त्याचं मूळ नाव शोधून देणारी डीपार्स आणि सबस्टिट्यूट ही जोडी तिने बरोबर लिहिली होती. फक्त त्याआधीच्या ओळीत रिकाम्या नोंदी गाळून उरलेलं पुन्हा एक्समध्येच भरलं होतं. ती ओळ खाली घेतली की काम झालं, पण "असं का?" याचं उत्तर बरंच मागे जातं.

फंक्शनला किंमत मिळते, ती देणाऱ्याच्या घरी तिला काय म्हणत होते ते कळत नाही. बहुतेक भाषांचा हाच रिवाज. अल्गोल 60 मध्ये मात्र ‘नावाने पाठवणे’ अशी सोय होती: आर्ग्युमेंट, म्हणजे फंक्शनला दिलेली गोष्ट, आधी सोडवायचं नाही, लागेल तेव्हा, आणि लागेल तितक्या वेळा सोडवायचं. त्यातून गोंधळच फार झाला आणि पुढच्या भाषांनी ती प्रथा सोडली. त्याच सुमारास लिस्पने दुसरी गोष्ट रुजवली. प्रोग्रामचा मजकूर हाही डेटाच, तो उलगडून पाहता येतो.

हे दोन्ही धागे संख्याशास्त्राकडे आले ते एस भाषेतून. बेल लॅब्ज या अमेरिकी प्रयोगशाळेत 1976 साली जॉन चेंबर्स, रिक बेकर आणि सहकाऱ्यांनी तिची सुरुवात केली. टर्मिनलसमोर बसून एकामागून एक आलेख काढणाऱ्या माणसाला दर वेळी अक्षांची नावं टाइप करायला लावू नये, ही अशा भाषेची साधी गरज. 1988 च्या नव्या एसमध्ये फंक्शनं आणि त्यांना केलेले कॉलसुद्धा डेटा म्हणून हाताळता येऊ लागले. ऑकलंडच्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी आर रचताना चेहरा एसचा ठेवला, आतली बांधणी बरीचशी स्कीम या लिस्पच्या वंशातल्या भाषेची घेतली. 29 फेब्रुवारी 2000 ला आरची 1.0.0 आवृत्ती आली.

आरमधलं आर्ग्युमेंट म्हणजे शेजाऱ्यांकडून आलेला नाव घातलेला डबा. आत किंमत, अंगावर कोरलेलं ‘जुलै’, शिवाय तो कुठल्या घरचा याची नोंद. याला आरमध्ये प्रॉमिस म्हणतात. डबा गरज पडेपर्यंत उघडत नाहीत, आणि उघडला तरी कोरलेलं नाव पुसलं जात नाही. सबस्टिट्यूट ते नाव वाचतं, डीपार्स त्याची अक्षरं करून देतं. पण आतला जिन्नस निवडून आपल्या पातेल्यात ओतला, म्हणजेच एक्सला नवी किंमत दिली, की डबा गेला. मग सबस्टिट्यूटच्या हाती पातेल्यातला जिन्नसच लागतो. तिचे आकडे तिथूनच आले होते.

मला विचाराल तर ही सोय लोभसवाणी आणि बेभरवशाची आहे. लांबलचक आर्ग्युमेंट दिलं की डीपार्स त्याचे तुकडे करून देतो. त्यावरचा डीपार्स-वन हा उतारा आरच्या गाभ्यात यायला 2020 मधली 4.0.0 उजाडावी लागली. मॅग्रिटर या आरच्या जोड-पॅकेजच्या पाइपमधून, म्हणजे एकाचं उत्तर पुढच्या फंक्शनला देणाऱ्या चिन्हातून, माल पाठवला तर नावाच्या जागी नुसता टिंब मिळतो. 2021 च्या 4.1.0 मधला आरचा स्वतःचा पाइप मात्र ओळ वाचतानाच तिचा साधा कॉल करून टाकतो, म्हणून तिथे नाव शाबूत राहतं. टायडीव्हर्स या आरच्या पॅकेजसंचवाल्यांनी 2017 मध्ये क्वोशर आणलं, म्हणजे मजकूर आणि त्याचं घर एकत्र बांधलेलं गाठोडं. प्रॉमिसचंच हे उघडपणे हाताळता येणारं भावंड.

ओळ हलवल्यावर ‘जुलै’ आलं. मुलगी खूश. लगेच बाराही महिन्यांची यादी करून तिने तेच फंक्शन यादीतल्या प्रत्येकावर चालवणाऱ्या एल-अप्लायला दिलं, आणि बाराही चित्रांवर एकच शीर्षक: एक्स, दुहेरी चौकटी कंस, आत आय. एल-अप्लायने डब्यावर स्वतःचंच नाव कोरलं होतं. "आता?" "आता नाव वेगळं दे." यादीची नेम्स, म्हणजे महिन्यांची नावं, काढून तिने दुसरं आर्ग्युमेंट म्हणून, दोन याद्या जोडीने चालवणाऱ्या मॅपमधून पाठवली.